बद्द वाजणारं नाणं

चांगल्या माणसाला मराठीत 'खणखणीत नाणं' म्हणतात. लग्नाच्या बैठकीत किंवा निवडणुकीच्या सभेत हे शब्द कानावर आले की मला आजही हसू येतं. माझ्या धंद्याचं या दोन शब्दांनी जेवढं नुकसान केलं तेवढं चोरांनीही केलं नसेल.

आमचं दुकान नांदेडला, इतवाऱ्यात. वडील तांब्या-पितळेची मोड घ्यायचे. म्हणजे फुटके हंडे, चेपलेले तांबे, कान तुटलेल्या पराती वजनावर घ्यायच्या आणि भट्टीवाल्याला द्यायच्या. या मोडीत जुनी नाणीही यायची. निजामाची, मोगलांची, कधी बहमनी काळातली. ती वडील बाजूला काढून ठेवत आणि हौशी गिऱ्हाइकांना विकत. पुढे भांडी स्टीलची झाली, मोडीचा धंदा बसला आणि बाजूला काढलेल्या नाण्यांचंच दुकान झालं. मी त्या गल्ल्यावर बसलो तो गुडघ्यांनी दगा देईपर्यंत. दुकान आता पुतण्याकडे आहे. तो नाणी फोनवर विकतो आणि गिऱ्हाइकाचं तोंडही बघत नाही, हे मला पटत नाही. पण मला विचारतंय कोण?

वडिलांची खरं-खोटं ओळखायची रीत एकच होती. नाणं शहाबादी फरशीवर टाकायचं. खण् वाजलं तर खरं, बद्द वाजलं तर खोटं. चांदीच्या रुपयाला ही परीक्षा अगदी बरोबर लागू पडते, कारण खोट्या रुपयात शिसं भरलेलं असतं. अधूनमधून मोडीत चौकोनी भोकाचं, हिरवट काळं, अगम्य खुणा असलेलं नाणं निघायचं. वडील ते फरशीवर टाकायचे. ते बद्द वाजायचं. वडील 'खोटा है' म्हणून परत मोडीच्या ढिगात फेकायचे आणि ते भट्टीत जायचं. कित्येक वर्षं असंच चाललं.

आमची चूक काढून दिली ती एका सरदारजींनी. नांदेडला गुरुद्वाऱ्याला जगभरातून यात्रेकरू येतात. हे सरदारजी हाँगकाँगचे. त्यांचे आजोबा इंग्रजांच्या काळात तिकडे पोलिसात गेले आणि घर तिकडेच राहिलं. चिनी लिहिणं-वाचणं त्यांना आपल्या मातृभाषेसारखं येई. दुकानाच्या फळीवर बसून चहा पिताना त्यांनी ढिगातलं एक तसलं नाणं उचललं आणि चष्मा कपाळावर सरकवला. वडील म्हणाले, "वो खोटा है, सरदारजी. बजता नहीं."

सरदारजी म्हणाले, "मियाँ, ये हजार साल का बूढ़ा है. बूढ़े से गाना सुनोगे?"

मग त्यांनी आम्हाला समजावून दिलं. आपली नाणी ठोकलेली असतात. खाली ठसा, वर ठसा, मधे तापलेली चकती आणि वरून हातोडा. चिनी नाणी ओतलेली. वाळूच्या साच्यात नाण्यांचे खळगे करायचे, ते पन्हळीनं एकमेकांना जोडायचे आणि वितळलेलं कासं आत सोडायचं. थंड झाल्यावर साच्यातून झाड निघतं. मधे दांडा आणि दोन्ही बाजूंना पानांच्या जागी नाणी. ती मोडून घेतली की मोडलेली जागा खरखरीत राहते, म्हणून ढीगभर नाणी एका चौकोनी सळईत ओवून सगळ्यांच्या कडा एकदम कानशीनं घासायच्या. भोक चौकोनी असण्याचं एक कारण हेच. गोल असतं तर घासताना नाणी सळईवर गरागरा फिरली असती. कासं म्हणजे तांबं आणि कथील, त्यात त्यांनी शिसंही घातलेलं. वर कित्येक शतकं मातीत पडून धातू आतून कळकतो. असं नाणं बहुधा वाजतच नाही, खापरीसारखं पडतं. खणखणीत वाजलं तर उलट संशय घ्यायचा.

सरदारजी गेल्यावर वडील मला म्हणाले, "कितने जलाए होंगे रे हम." पुढे कितीतरी दिवस ते मोडीच्या प्रत्येक पोत्यात हात घालून चौकोनी भोक चाचपत बसायचे. ती नाणी पुन्हा फारशी आली नाहीत. या धंद्यात मला कशाची हळहळ वाटत असेल तर त्या भट्टीची.

सरदारजी दर एक-दोन वर्षांनी यायचे. त्यांच्यामुळे मी चिनी नाणी ओळखायला शिकलो. नाण्यावर बहुधा चार अक्षरं असतात, वर, खाली, उजवीकडे आणि डावीकडे, आणि ती बऱ्याचदा त्याच क्रमानं वाचायची. नवीन गिऱ्हाईक हमखास डावं आधी वाचतं. मी उर्दू शाळेत शिकलेलो, त्यामुळे उजवं आधी हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. त्याचा मला गर्व झाला आणि तो लवकरच उतरला. अलीकडच्या चिनी नाण्यांच्या पाठीवर मांचू लिपी असते, उभी लिहिलेली. नाणं आडवं धरलं की ती थेट उर्दू वाटते. मी एका नाण्यावर चक्क 'नूर' असं वाचलं आणि चीनमध्ये एखादा मुसलमान बादशहा होऊन गेला असं सगळ्या गल्लीला सांगून टाकलं. सरदारजी आले तेव्हा त्यांनाही मोठ्या ऐटीत दाखवलं. ते हसून हसून बेजार झाले. म्हणाले, "बेटा, टकसाल का नाम है." गल्लीतले लोक पुढची कित्येक वर्षं मला 'चीनचा बादशहा' म्हणायचे.

लातूरकडे भूकंप झाला त्या पहाटे नांदेडलाही फळीवरची भांडी हलली. काय झालंय ते दिवस वर आल्यावर कळलं. नंतर काही दिवसांनी एक मोडवाला टेम्पो भरून भांडी घेऊन आमच्या दारात आला. निलंगा, औसा भागातली होती. चेपलेल्या घागरी, कागदासारखी दुमडलेली ताटं. वडिलांनी एक तांब्या उचलला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे. कुणा मामानं भाचीला लग्नात दिलेला तांब्या होता तो, दोघांची नावं होती. वडिलांना मराठी अक्षरं जुळवत वाचावी लागायची. त्यांनी ती सगळी जुळवली, मग तांब्या हळूच परत टेम्पोत ठेवला.

"जिसपे नाम पढ़ लिया, वो मोड नहीं रे," ते त्या माणसाला म्हणाले. "मालिक को ढूंढो."

तो माणूस चिडून निघून गेला. भूकंपाच्या भागातलं एकही भांडं आमच्या काट्यावर चढलं नाही, वडील असेपर्यंत नाही आणि नंतरही नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

पुढे लातूरचे दिवस बदलले. डाळीच्या गिरण्यांचं आणि अडत बाजाराचं गाव क्लासचं गाव झालं. गल्लोगल्ली होस्टेलं आणि डबेवाल्या बाया, भिंतींवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. त्याच सुमारास फेंगशुईची साथ आली. लाल फितीत बांधलेली तीन चिनी नाणी पोरांच्या टेबलावर आणि क्लासच्या गल्ल्यावर दिसायला लागली. ही नाणी साफ बाजारी, पितळेची, कालपरवा कारखान्यात केलेली. सगळी सारख्या मापाची, अक्षरं साबणाच्या वडीवरच्यासारखी गुळगुळीत, आणि फरशीवर टाकली तर देवळातल्या घंटेशी स्पर्धा करतील. लोक माझ्याकडे ती तपासायला आणायचे. 'खणखणीत वाजतं चाचा, म्हणजे खरंच असणार,' म्हणायचे. मी किती जणांशी वाद घातला असेल!

त्यात लातूरचे एक फिजिक्सचे सर मला फार आवडले. क्लासच्या दारावरचं नाणं घेऊन ते आले, म्हणाले, "मी या नाण्याची घनता काढली पाण्यात बुडवून. जुन्या कांस्यात शिसं असतं म्हणता, मग हे एवढं हलकं कसं? हे पितळ आहे." मी त्यांना बसवून घेतलं, दोन चहा पाजले आणि ती रीत नीट शिकून घेतली. मग विचारलं, "सर, मग हे क्लासच्या दारावर का लावलंय?" सर ओशाळून म्हणाले, "पालकांना आवडतं हो."

एक मुलगी दुकानात आली तेव्हा फेंगशुई ओसरत आलं होतं. पाठीला दप्तर, लातूरच्या एसटीनं एकटी आलेली. नाव अश्विनी. म्हणाली, "चाचा, चौकोनी भोकाचं नाणं पाहिजे."

मी कपाटातली लाल फीत पुढे केली. ती म्हणाली, "हे न्हाई. हे हाय माझ्याकडं. मला खरं पाहिजे."

"खरं म्हणजे कुठलं, बेटा? शेकडो प्रकार आहेत."

तिनं वहीचा कागद फाडून गोल काढला, त्यात चौकोन. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणारी पोर, आकृत्या काढायचा हात बसलेला. "वर दार," ती म्हणाली. "खाली मानूस, दोन पायांवर उभा. इकडं उजवीकडं नांगर. तिकडं डावीकडं घर, छपराचं. आन मागच्या बाजूला, वर, चंद्रकोर."

मी त्या कागदाकडे बघतच राहिलो. तिच्या घरचं ते नाणं मी पाहिलं नव्हतं, त्या घरात कुणाला चिनी यायचा प्रश्नच नव्हता, तरी एवढ्यावरून मला ते ओळखता आलं. आपल्याकडे चालुक्य राज्य करत होते त्या काळात चीनमध्ये हे नाणं सुरू झालं आणि पुढे शतकानुशतकं निघत राहिलं. वरच्या अक्षरात खरोखरच दाराच्या दोन फळ्या आहेत, त्याचा अर्थच 'उघडणं'. खालचं अक्षर मुळात माणसाच्या आकृतीवरून आलं असं म्हणतात. डावीकडचं म्हणजे छपराखाली ठेवलेली दौलत. नांगर तेवढा त्यांच्या घरचा. आणि पाठीवरची ती कोर चिनी लोकांतही गाजलेली आहे. नाण्याचा मेणाचा नमुना दाखवायला आणला तेव्हा राणीचं नख त्यात रुतलं आणि ती खूण पुसायची कुणाची हिंमत झाली नाही, अशी गोष्ट सांगतात. जाणकार म्हणतात, टांकसाळीची खूण असावी. मी अश्विनीला राणीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आमची आई म्हणती देवीची कोर हाय."

"हे वाचायला कुणी शिकवलं तुला? दार, माणूस?"

"आईनंच. आन तिला तिच्या सासूनं." आणि तिचे डोळे भरून आले.

मग तिनं सगळं सांगितलं. त्यांचं गाव निलंग्याकडचं, भूकंपात सपाट झालेलं. अश्विनीचे दोन मोठे भाऊ आणि आजी घरात होते, ते गेले. वडील लातूरला बाजारात हमालीला होते म्हणून वाचले आणि आई, सोजरबाई, अंगणात झोपली होती म्हणून. ढिगाऱ्यातून बाकी काही निघालं नाही, देव्हाऱ्यातलं हे नाणं निघालं. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं चांदीच्या पत्र्यावर आकृती उठवून घेतात आणि देव्हाऱ्यात ठेवतात, त्याला टाक म्हणतात. सोजरबाई तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. तिनं वेगळे टाक केले नाहीत. या नाण्यालाच टाक मानलं आणि रोज आंघोळ घालताना एकेकाचं नाव घेऊ लागली. सासूबाई, थोरला, धाकटा. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं. भूकंपानंतर त्या भागातल्या बऱ्याच बायांनी ते उलटं करून घेतलं, तिनंही घेतलं. त्यानंतर झालेली ही मुलगी. पुढे वडीलही गेले, त्यांचं नावही त्याच नाण्यावर घ्यायला लागली. आणि लातूरला येऊन पोरांचे डबे करू लागली.

"मी दादालोकांना बघितलंच न्हाई चाचा," अश्विनी म्हणाली. "मला ते त्या नाण्यातच ठाऊक हायत. म्हणून परीक्षेला त्यांना सोबत नेलं. आईला न सांगता. वेणीत बांधून."

परीक्षेच्या दारावर धातू चालत नाही. कानातलं, चमकी, बांगड्या, सगळं काढायला लावतात. तिच्या वेणीतलं नाणं सापडलं. आत सोडायची वेळ संपत आलेली. तिनं ते कुंपणाच्या भिंतीवर एका विटेखाली ठेवलं आणि पळत आत गेली. बाहेर आली तेव्हा वीट होती, नाणं नव्हतं. तिथं तिनं किती शोधलं असेल, ते तिच्या सांगण्यावरूनच कळत होतं. मग बाजारातून फेंगशुईचं नाणं घेतलं, दगडावर घासून अक्षरं बुजवली आणि देव्हाऱ्यात ठेवून दिलं. सोजरबाईला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं.

"पेपर बी बिघडला. आता परत वर्षभर अभ्यास करलाली," ती म्हणाली. "पर पुस्तक उघडलं की तेच. आई रोज त्या खोट्या नाण्याला दादाचं नाव घेऊन आंघोळ घालती, आन मी पाठ करून बसती. मी त्याला हात लावत न्हाई चाचा. मला लावू वाटत न्हाई."

मी तिला म्हटलं, आईला सांगून टाक. ती एकदम ताठ झाली. "तिला दुसऱ्यांदा मारू का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, बघतो.

तसलं नाणं माझ्याकडे होतं, पण कोर नसलेलं. कोर असलेली मिळतात, पण कुणाची बाजूला, कुणाची खाली, कुणाची तिरकी. हिला वरच्या बाजूची, आडवी हवी होती. तमिळ मुलखात अशा चिनी नाण्यांचे साठे जमिनीत सापडलेत, समुद्रावरच्या व्यापारात आलेले. निलंग्याकडच्या घरात एक कसं पोचलं, ते मी कितीही डोकं चालवलं तरी सांगू शकणार नाही. चेन्नईचा एक व्यापारी माझ्या ओळखीचा होता. त्याला निरोप दिला. त्यानं बऱ्याच महिन्यांत बरीच पाठवली आणि मी बरीच परत केली. तो वैतागून विचारायचा, गिऱ्हाईक एवढं कोण मोठं आहे?

शेवटी एक आलं, हवं तसं. पण त्याच्यावर सुंदर हिरवा थर होता. अश्विनीच्या घरचं नाणं रोजच्या आंघोळीनं झिजून तपकिरी, गुळगुळीत झालेलं असणार. जुन्या नाण्यावरचा थर काढणं म्हणजे आमच्या धंद्यात पापच. मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना त्यावरून बोललोय. आणि मी स्वतः घरी मोरीत बसून चिंचेनं ते नाणं घासलं. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "तब्येत बरी आहे ना?"

अश्विनीशी ठरलं होतं की पुढची परीक्षा झाल्यावर मी यायचं, आई डबे पोचवायला गेली की ती नाणं बदलून टाकणार. मी सांगितलेल्या वेळेला लातूरला पोचलो. क्लासच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, दारात उलथे घातलेले डबे. पण दार सोजरबाईनं उघडलं. बारीक, काटक बाई, डोळे किलकिले करून माझ्याकडे बघत होती. आतून अश्विनी मला हातानं खुणा करत होती, की आज आई गेलीच नाही.

मी म्हटलं, "नांदेडहून आलोय, ताई. इतवाऱ्यात माझं दुकान आहे." पुढे काय बोलावं ते सुचेना.

"कशाचं दुकान?"

मला खोटं बोलायचं होतं. पण आयुष्यभराची सवय तोंडावर आली. "जुन्या नाण्यांचं."

सोजरबाई दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "बसा भाऊ. अश्विने, पानी दे." आणि अश्विनी पाणी घेऊन येत असताना शांतपणे मला म्हणाली, "आणलाव का नाणं? काढा."

अश्विनीच्या हातून पेला पडला.

मी खिशातून पुडी काढून दिली. सोजरबाईनं देव्हाऱ्याजवळचं ताम्हन पुढे ओढलं आणि वरून नाणं त्यात सोडलं. ते बद्द पडलं. तिनं उचललं, पाठीवरून अंगठा फिरवला. कोरीवर तिचा अंगठा थांबला आणि तिथंच राहिला. तिच्या गालावरून पाणी ओघळायला लागलं, तिनं ते पुसलं नाही.

"अगदी तसंच हाय," ती म्हणाली.

"आई," अश्विनी कशीबशी म्हणाली, "तुला कळलं होतं?"

"पयल्याच दिवशी. ताम्हनात सोडलं आन वाजलं. आपला देव कवा वाजत होता का?"

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तू अभ्यास करलालीस. परीक्षेला गेली त्याच दिवशी नाणं बदललं, म्हंजे भावांला संगं नेलं असशील, एवढं मला कळत न्हाई का? मी बी नेलं असतं." मग आवाज चढवून म्हणाली, "वर्षभर त्याच्याकडं पाठ करून बसती. जेवताना बी बसती. मला दिसत न्हाई म्हणून काय कळत बी न्हाई?"

अश्विनी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागली. मलाही राहवेना, मी दाराबाहेर बघत बसलो. बऱ्याच वेळानं सोजरबाईनं ते नाणं पुडीत गुंडाळून माझ्या पुढ्यात ठेवलं.

"हे न्या भाऊ. लई कष्टानं आणलाव. पर तसंच हाय, तेच न्हाई. ह्याच्यात आमचं मानूस न्हाई. दुसऱ्या कुणाचं असंल."

"ताई, जुनं आहे हे, खरं आहे. देव्हाऱ्यातलं ते बाजारातलं आहे, पितळेचं." बोलून गेल्यावर मला वाटलं, काय गरज होती.

"ठाऊक हाय की." तिनं देव्हाऱ्यातलं ते घासून विद्रूप केलेलं पितळ उचलून तळहातावर घेतलं. "पर वर्ष झालं, रोज ह्याच्यावरच नावं घेते मी. आधी घर होतं, ते पडलं. मंग पत्र्याच्या शेडात ऱ्हायलो. मंग सरकारनं घर दिलं, तिथं ऱ्हायलो. आता हितं भाड्यानं हाय. सगळीकडं जीव लागला का न्हाई? मंग तेंचं बी पुनर्वसन झालं म्हणायचं. जागा नवी हाय, मानसं तीच हायत."

मी पुडी उचलून परत खिशात ठेवली.

सोजरबाईनं पोरीला मांडीवरून उठवलं आणि ताम्हन तिच्यापुढे सरकवलं. "आज तू घाल आंघोळ," ती म्हणाली. "आधी आजी, मंग थोरला, मंग धाकटा, मंग बाबा. मोठ्यानं नाव घे, तेनला ऐकू जाऊ दे."

अश्विनी उठली, मोरीत जाऊन हात धुऊन आली, आणि तिनं ते नाणं आईच्या हातातून आपल्या हातात घेतलं.